बिनफळाची झाडं

वाईट बातमी कुणाच्या घरी द्यावी, याचे आमच्याकडे नियम आहेत. आपल्या घरी बोलावून दिली तर पाहुण्याचा अपमान होतो. म्हणून हाजी नेमतुल्लांनी ठरवलं की माहरुखची बाग वाळवायची आहे, हे माहरुखला तिच्याच बागेत, तिच्याच हातचं आश, म्हणजे पालेभाजी-कडधान्याचं दाट सार, खाता खाता सांगायचं.

दिवसही सोयीचा होता. नवरोजचा तेरावा दिवस घरात बसून काढणं अशुभ, त्यामुळे त्या दिवशी अख्खं रफसंजान कुठल्या ना कुठल्या झाडाखाली असतं. शिवाय धाकटा भाऊ माशाल्ला गेल्यानंतरचं हे पहिलं नवरोज. त्याच्या बायकोकडे जाणं आलंच. एका फेरीत दोन कामं होणार होती, फक्त त्यातलं एक सांत्वनाचं होतं आणि दुसरं त्याच्या उलट.

बाग एकच, पणजोबांची. तुकडे चार. विहिरीला लागून हाजींचा, मग मधल्या असदुल्लाचा, मग बहीण तूबाचा आणि पार शेवटी, पाटाच्या शेपटाला, माशाल्लाचा. विहीर इतकी खोल नेली होती की आणखी खाली गेलो तर तेल लागेल, असं असदुल्ला म्हणायचा. लागलं असतं तर कुणी नाराज झालं नसतं. लागलं ते खारं पाणी, आणि तेही कमी. यंदा ते तीन तुकड्यांना पुरणार होतं. चौथा वाळू द्यायचा. आसपासच्या सगळ्या बागांत हेच चाललं होतं: एक हात तोडायचा आणि बाकीचं अंग जगवायचं. वाद फक्त हात कुणाचा, याचा.

हाजी वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला इतका विचार करावा लागत नाही. त्यांनी महिनाभर विचार केला होता आणि प्रत्येक वेळी तो विचार पाटातल्या पाण्यासारखा वाहत वाहत शेपटाशीच जाऊन थांबला होता. माहरुखला मूलबाळ नाही. यज्दला तिचा भाऊ आहे. भावाने तिच्यासाठी कोठीची खोली रिकामी करून ठेवलीय म्हणतात. तिथे ती सुखात राहील. कोठीच्या खोलीत माणूस सुखात कसा राहतो, एवढ्या तपशिलात हाजी गेले नव्हते.

"हाजी दादाश, गाडी सावलीत लावलीत आणि आम्हाला बसवलंत उन्हात," गालिचा अंथरता अंथरता तूबा ओरडली.

"गाडीचा रंग उडतो, आबजी."

"आणि माझा?"

"तुझा उडायचा राहिलाय कुठे?" असदुल्ला म्हणाला. तो घरातला मुहंदिस, म्हणजे इंजिनियर. केरमानला शेतकीचं शिकून आल्यापासून हवा, माती आणि बायकोचा स्वयंपाक या तिन्हींवर त्याचं मत असायचं, आणि ते विचारावं लागत नसे.

माहरुख चहाच्या समोवरपाशी बसली होती. वर्षभराचा काळा पोशाख तिने नवरोजला उतरवला होता. म्हणजे हाजींच्या बायकोने घरी येऊन, रीतीप्रमाणे, हाताला धरून उतरवायला लावला होता. अंगावर राखाडी होतं. ती पेले भरत होती आणि प्रत्येक पेल्यामागे कुणी ना कुणी "तुमचे हात कधी न दुखोत" म्हणत होतं.

आश झालं. लेट्यूसची पानं सिरका-मधाच्या पाकात बुडवून खाणं सुरू झालं. मग हाजींनी घसा साफ केला आणि पणजोबांपासून सुरुवात केली. पणजोबांपासून सुरुवात झाली की काहीतरी मागितलं जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"करबलाई मुरादच्या काळी इथे सगळा कापूस," हाजी म्हणाले. "कापूस आणि गहू. पिस्त्याची झाडं असलीच तर बागेच्या कडेला दोन-चार, पाहुण्याच्या खिशापुरती. डोंगरात रानटी पिस्ता होता, तो मेंढपाळ चघळायचे. भुयारी कालव्याने डोंगरातलं गोड पाणी यायचं. आणि या माणसाने एके वर्षी उभा कापूस उपटला आणि अख्ख्या रानात पिस्त्याचं बी लावलं! लोक म्हणाले, हा वेडा झाला. याला फळ धरायला दहा वर्षं, तोवर हा खाणार काय?"

"काय खाल्लं?" तूबाने विचारलं.

"सबुरी."

"पणजीच्या बांगड्या खाल्ल्या. आणि तिचे झुमके. ते कुणी सांगत नाही."

"तेच सांगतोय मी," हाजी म्हणाले, जरी ते तसं काही सांगत नव्हते. "या बागेसाठी प्रत्येक पिढीत कुणीतरी काहीतरी सोडलंय. आणि म्हणून तर जगभर नाव झालं! तो टोपीवाला अमेरिकन बी शोधत कुठे आला? करबलाई मुरादच्या दारात!"

रफसंजानात असं एकही जुनं घर नाही, ज्याच्या दारात तो टोपीवाला अमेरिकन आला नव्हता. सगळ्या पणजोबांनी मिळून त्याला जेवढं बी दिलं म्हणतात, तेवढं न्यायला त्या बिचाऱ्याला उंटांचा तांडा लागला असता.

"आणि पणजोबांनी त्याला काय म्हटलं?" असदुल्लाने हसत विचारलं. गोष्ट पाठ होती, तरी विचारायची असते.

"घ्या म्हणाले. तुमचंच आहे."

"आणि त्याने घेतलं!" तूबा म्हणाली. "परदेशी माणूस, त्याला वाटलं खरंच देतायत. आता तिकडे मैलोन् मैल बागा आहेत आणि बाजारात ते आपला भाव पाडतात. अहो, आधी दोनदा नाही म्हणायचं असतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं?"

सगळे हसले. माहरुखही थोडी. हाजींना वाटलं, हीच वेळ.

"तर पाणी तीन तुकड्यांचं आहे," ते म्हणाले. "मी म्हणतो, माझा तुकडा वाळवा. मी थोरला. माझं काय, आज आहे उद्या नाही."

"तोंडात माती पडो, काय बोलताय दादाश!" असदुल्ला ताबडतोब म्हणाला. "तुमचा तुकडा म्हणजे बागेचं डोकं. माझा वाळवा."

"छे! तुझी मुलं शिकतायत," तूबा म्हणाली. "माझा घ्या. मी परक्याच्या घरची."

"आबजी, खुदा न करो! बापाने दिलेलं तुझ्याकडून काढून घेऊ?" हाजी म्हणाले, आणि हीच फेरी पुन्हा एकदा झाली.

हे सगळं इतक्या सफाईने झालं की कुणाच्या हातातलं पान खाली ठेवावं लागलं नाही. आमच्याकडे देऊ करणं आणि देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधे दोन नकारांचा पूल असतो. त्या पुलावरून तिघंही सुखरूप परत आली. मग तिघांनी माहरुखकडे पाहिलं.

माहरुख समोवरची तोटी घट्ट करत होती. ती आधीच घट्ट होती. ही तीन माणसं कशाची वाट पाहतायत, ते तिला कळत होतं. तिने देऊ केलं नाही, तर ती कोत्या मनाची. देऊ केलं, तर त्यांनी दोनदा नको म्हणायला हवं, ही रीत. माशाल्लाची आठवण तिला झाली, पण तो अशा वेळी काही कामाचा नव्हता. तो असता तर "सगळ्यांचंच वाळवा, निवांत झोपू" म्हणाला असता.

"मग माझा वाळवा," ती म्हणाली.

"असं कसं, माहरुख खानम!" हाजी म्हणाले. आणि श्वासही न घेता पुढे म्हणाले, "पण तुमची इच्छाच असेल, तर आम्ही तुमचं मन कसं मोडणार?"

एकच नकार. तोही अर्धा.

तूबाच्या हातातलं पान पाकात बुडालं ते तिथेच राहिलं. लांब कबाब भाजणारे तिचे यजमानसुद्धा पंखा हलवायचे थांबले. टोपीवाला अमेरिकन निदान परका तरी होता.

"खुदा तुम्हाला सुखी ठेवो," माहरुख म्हणाली आणि पेले गोळा करू लागली. एक पेला दुसऱ्यावर आपटला, पण फुटला नाही.

खरं सांगायचं तर तूबाला हे सगळं आधीपासून माहीत होतं. हाजींनी तिला कबूल केलं होतं की शेपटाची पाळी सुटली की त्यातलं पाणी तिच्याकडे वळवू. म्हणून तर ती इतका वेळ हाजींच्या बाजूने चटचट बोलत होती. पण ठरवलेली गोष्ट इतकी उघडीनागडी झालेली पाहून तिला लाज वाटली. लाज म्हणजे फार नाही, पदराआड लपवता येईल एवढी. असदुल्लाने ती पदराबाहेर काढली.

"चला," उशीला टेकत तो म्हणाला. "निदान एक वर्ष निश्चिंती."

"एक वर्ष?"

"पाणी दर वर्षी उतरतंय, आबजी. पुढच्या वर्षी दोन तुकड्यांचं राहील. तेव्हा पुन्हा शेपटाकडून."

"शेपटाला तर माहरुख आहे."

"ती यंदा गेली," असदुल्ला समजुतीने म्हणाला. मुहंदिस लोकांना आकृती काढून दाखवायची सवय असते. त्याने गालिच्यावर बोटाने पाट काढला, शेवटचा चौकोन तळव्याने पुसला आणि उरलेल्यांतल्या शेवटच्या चौकोनावर बोट ठेवलं. तो तूबाचा होता.

तूबाने त्या बोटाकडे पाहिलं. माहरुखच्या लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला वहिनीबद्दल एकाएकी जे प्रेम दाटून आलं, त्याचं श्रेय त्या बोटाला द्यावं लागेल.

तेवढ्यात पश्चिमेकडून झुळूक आली आणि गालिच्यावर, आशच्या पातेल्यात, हाजींच्या टोपीवर बारीक पिवळी धूळ पडली.

"चहा झाका!" असदुल्ला म्हणाला. "पराग आहे. माशाल्लाचे नर फुललेत."

पिस्त्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. नराला फळ येत नाही. तो पाणी पितो, जागा अडवतो आणि वसंतात आठवडाभर ही धूळ वाऱ्यावर सोडून वर्षभर मोकळा. माशाल्ला दुपारी अशाच एका नराखाली झोपायचा, कारण तिथे फळं नसल्याने कुणी कामाला हाक मारत नसे. दोघांना एकमेकांचा सहवास मानवतो, असं घरात म्हणायचे.

"किती ही धूळ!" तूबा डोळे चोळत म्हणाली. भांडण कुठून काढावं हे तिला सुचत नव्हतं, म्हणून तिने सापडेल तिथून काढलं. "तुझ्या बागेत बसलो असतो तर तिथेही हेच, असद?"

"माझ्याकडे कुठे? माझे नर मी केव्हाच बदलले. वरून छाटले आणि त्यांच्यावर कलमाने मादीचे डोळे भरले. आज पिस्ते भरघोस येतात." आणि मग तो थांबला, कारण तूबाचा चेहरा बदलला होता. "का? काय झालं? तुझे आहेत ना. तेवढे पुरतात."

"माझे?" तूबा म्हणाली. "मी बदलले! तुझे होते म्हणून!"

"मला न सांगता?"

"तू मला सांगितलंस?"

"मी म्हटलं, तुझे आहेत, दादाशचे आहेत..."

दोघांनी एकदम हाजींकडे पाहिलं. हाजी टोपीवरची धूळ फुंकत होते. ते बराच वेळ फुंकत राहिले.

"मी सगळ्यांच्या आधी बदलले," शेवटी ते म्हणाले. "म्हटलं, पाठचे दोन भाऊ आहेत, बहीण आहे. मला काय काळजी?"

कुटुंबावरचा असा अढळ विश्वास फार थोड्या घरांत पाहायला मिळतो.

"म्हणजे," तूबा एकेक शब्द ठेवत म्हणाली, "अख्ख्या बागेत नर फक्त इथे आहेत."

"वारा या दिवसांत पश्चिमेचा," असदुल्ला पुटपुटला. आता तो आकृती काढत नव्हता. "इथून वर जातो. तुझ्याकडे, माझ्याकडे, विहिरीपर्यंत. हा तुकडा वाळला तर... दादाश, टरफलं येतील. नुसती पोकळ टरफलं. तिन्ही तुकड्यांत."

"पण माशाल्लाला मी दर वर्षी सांगायचो!" हाजी उसळले. "म्हणायचो, ते ऐतखाऊ काप, डोळे भर! दर वर्षी 'उद्या' म्हणायचा!"

"मी तर त्याला कलमाची सुरी आणून दिली होती," असदुल्ला म्हणाला. "जर्मन."

"ती कांद्याला चांगली आहे," माहरुख म्हणाली.

एवढा वेळ ती पाठमोरी होती. आता ती वळली आणि पेल्यांचं तबक घेऊन त्यांच्यासमोर बसली. गेले वर्षभर लोक तिच्या नवऱ्याबद्दल चांगलं बोलत होते, कारण गेलेल्यांबद्दल तसंच बोलायचं असतं. साधा होता, निर्मळ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला ऐकताना कळायचं की याचा अर्थ निरुपयोगी होता. आणि आज तीन शहाणी माणसं तिच्यासमोर घाबरून बसली होती, कारण त्या माणसाने एक काम कधी केलं नव्हतं.

"माहरुख खानम," हाजी म्हणाले, "तुमचा तुकडा... म्हणजे ते आपण बोललो..."

"दिलं ते दिलं, हाजी दादाश."

"नाही, नाही! मी घेतलंच नाही!"

"घेतलंत. सगळ्यांनी ऐकलं."

"मी नको म्हटलं होतं!"

"एकदाच," तूबाने मधेच म्हटलं. ती आता पूर्णपणे वहिनीच्या बाजूला सरकली होती, गालिच्यावरसुद्धा.

"मग आता म्हणतो. नको! आणि नको!" हाजींनी उरलेले नकार घाईघाईने भरून टाकले. "तुमच्या पायाची धूळ आम्ही. तुकडा तुमचा."

"एक उपाय आहे," असदुल्ला म्हणाला. "फुललेल्या नराच्या फांद्या आणून बादलीत ठेवायच्या, आपापल्या बागेत टांगायच्या. तोवर नवीन डोळे भरायचे. चार-पाच वर्षांत..."

"आणि फांद्या कुठून आणणार? वाळलेल्या झाडावरून?" तूबा म्हणाली. "गप बस, मुहंदिस."

माहरुखने विचार केला. आपले नर अडवून हट्ट धरून बसली तर ही माणसं तिच्या दारात पाणी घेऊन उभी राहतील, चार-पाच वर्षं तरी. तिला यज्दची ती खोली डोळ्यांसमोर दिसली, तांदळाच्या पोत्यांच्या वासाची. भावजयीच्या स्वयंपाकघरात "तुम्ही बसा हो" ऐकत उभ्याने भांडी घासायची. ती खोली आता लांब गेली होती. पण तिला आणखी एक दिसलं: केरमानच्या इस्पितळातली खुर्ची. माशाल्लाच्या शेवटच्या दिवसांत त्या खुर्चीवर हाजी बसून असायचे. घरी जा म्हटलं तर म्हणायचे, खुर्ची छान आहे. ती मोडकी होती. त्यांनी तिथे बसूनसुद्धा माशाल्लाला आळसावरून बोलणी दिली होती, आणि माशाल्ला हसला होता. त्या दिवसांत तो तेवढाच हसला.

"हाजी दादाश," ती म्हणाली, "कुणाचाच अख्खा तुकडा नको. चौघांनी आपापल्या कडेच्या ओळी वाळायला सोडायच्या. मीपण सोडते. माझे नर तेवढे राहतील. आणि पाण्याची पहिली पाळी शेपटाला द्यायची. मग आबजी, मग असद, मग तुम्ही."

हाजींच्या कडेच्या ओळी म्हणजे बागेतली सगळ्यात टपोरी जात, मेंढ्याच्या डोक्यासारखी. ती झाडं त्यांनी सोळाव्या वर्षी वडिलांबरोबर कलम केली होती. पाहुण्यांना ते आधी ती झाडं दाखवत, मग नातवंडं.

"हो," ते म्हणाले.

पुढे काही नाही, मागे काही नाही. जीव ओवाळणं नाही, पायाची धूळ नाही. असदुल्लाने दचकून भावाकडे पाहिलं.

"आणि नराचे डोळे माझ्याकडून न्या," माहरुख म्हणाली. "उन्हाळ्यात भरा. प्रत्येकाच्या बागेत आपले असू देत."

"वहिनी, वेडी आहेस का?" तूबा कुजबुजली. "ते नर झाले, की मग तुझी गरज..."

"ठाऊक आहे, आबजी. घे, चहा घे."

तूबाने पेला घेतला. त्यात पिवळी धूळ होती. तिने ती बाजूला केली नाही, तशीच प्यायली. मग उठून नवऱ्याला, कबाब करपला म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून आली. बरं वाटलं की ती कुणाला तरी बोलायची.

उन्हं उतरली तशी आवराआवर सुरू झाली. असदुल्ला नरांच्या खोडांना हात लावून बघत फिरत होता आणि प्रत्येकापुढे मान हलवत होता, जणू ओळख करून दिली जात होती. तूबा पातेलं घासत होती, वहिनीच्या हातून ओढून घेतलेलं, आणि या वेळी माहरुखने दोनदा नको म्हटल्यावरही तिने ते सोडलं नव्हतं.

हाजी गाडीशी गेले आणि परत आले. त्यांना काही म्हणायचं होतं. आमच्या बोलीत आभाराला तोटा नाही. पाणी दिलं तर सहा प्रकारे मानता येतात, दार उघडलं तर चार. हाजींनी सकाळपासून त्यातले सगळे वापरले होते: साखरेच्या खड्यासाठी, उशीसाठी, मिठासाठी. आता खरोखर काही देणं लागत होतं, आणि हाताशी एकही शब्द उरला नव्हता, जो त्यांनी आज मिठासाठी खर्चला नव्हता.

"माहरुख खानम."

"बोला, हाजी दादाश."

"मी तुम्हाला म्हणायचो. दुपारी यायचो आणि म्हणायचो, त्याला उठवा. लाज नाही का, नवरा झोपलाय आणि तुम्ही बघत बसता." त्यांनी घसा साफ केला, पण पणजोबा आले नाहीत. "उठवलं नाहीत ते बरं केलंत."

माहरुखने ओढणी सारखी केली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला हसू आवरेना.

"मी रोज उठवायची, हाजी दादाश," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं की जाऊन गदागदा हलवायची. तो डोळे मिटूनच म्हणायचा, 'दादाशला सांग, उठलो,' आणि कूस बदलायचा. आणि मी तुम्हाला येऊन सांगायची, उठला म्हणून."